कटिशूल-चिकित्सेत निद्रेचे स्थान

प्रस्तावना

कटिशूलाचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याच्या हाती क्ष-किरण तपासणीचे एक पाकीट असते, पिशवीत वेदनाशामक गोळ्यांच्या दोन-तीन पट्ट्या असतात आणि मनात एकच प्रश्न असतो, 'कंबर कधी थांबेल?' आपण दर्शन, स्पर्शन, प्रश्न या क्रमाने परीक्षण करतो, वेदनेचे स्थान, स्वरूप, प्रसर पाहतो, मलप्रवृत्ती विचारतो, अग्नी पाहतो. निद्रेच्या रकान्यात मात्र 'अल्प' किंवा 'सम्यक्' असा एखादा शब्द लिहून पुढे जातो. प्रस्तुत लेख त्या एका रकान्याविषयी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कटिशूल होता आणि 2050 पर्यंत ही संख्या 84 कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. जगभरात कार्यक्षमता हिरावून घेणाऱ्या कारणांत कटिशूलाचा क्रमांक पहिला लागतो. इतक्या मोठ्या व्याधीच्या चिकित्सेत, रात्री विनामूल्य उपलब्ध होणाऱ्या एका उपस्तंभाकडे आपले लक्ष कमी पडावे हे योग्य नव्हे. आम्हांला हे एका रुग्णेने शिकविले. तिचा वृत्तांत पुढे यथास्थळी येईल. प्रथम शास्त्राचा विचार करू.

निद्रेचा शास्त्रीय विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ सांगितले. एकविसाव्या अध्यायात निद्रेची उत्पत्ती, तिचे सहा प्रकार, दिवास्वापाचे विधि-निषेध आणि निद्रानाशाचे उपाय असा सविस्तर विचार आहे. सुख-दुःख, पुष्टी-कार्श्य, बल-अबल या जोड्या तेथे निद्रेवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. या प्रतिपादनाचा आपण व्याख्यानांतून वारंवार उल्लेख करतो. मात्र चिकित्सेत तो किती उतरतो, हे प्रत्येकाने आपापल्या रुग्णपत्रिका उघडून पाहावे.

कटिशूलाच्या दृष्टीने तीन संदर्भ विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला संदर्भ सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायातील ऐंशी वातज नानात्मज विकारांचा. या यादीत गृध्रसी आहे, त्रिकग्रह आहे, पृष्ठग्रह आहे आणि त्याच यादीत अस्वप्न म्हणजे झोप न येणे हाही विकार आहे. त्याच अध्यायात वाताच्या स्थानांत कटीची गणना केली आहे. कंबर दुखणे व झोप न लागणे या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून रुग्ण सांगत असला, तरी वैद्याने त्या एकाच कुपित दोषाच्या दोन खुणा असू शकतात हे ध्यानी घ्यावे.

दुसरा संदर्भ चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या, वातव्याधीच्या अध्यायातील हेतूंचा. रूक्ष, शीत, अल्प आहार, अतिव्यायाम, वेगधारण यांच्या बरोबरीने तेथे अतिजागरण सांगितले आहे, दुःखकारक शय्या व आसन सांगितले आहे आणि दिवास्वापही सांगितला आहे. म्हणजे झोप किती, ती कशावर आणि ती केव्हा, या तिन्ही बाबी आचार्यांनी वातव्याधीच्या हेतूंतच मोजल्या आहेत.

तिसरा संदर्भ निद्रावेगाच्या धारणाचा. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात त्याची जी लक्षणे दिली आहेत त्यांत जांभया, तंद्रा, शिरोरोग, डोळे जड होणे यांसह अंगमर्द आहे. उपाय म्हणून निद्रा व संवाहन सांगितले आहे. रात्री बारापर्यंत दूरदर्शन संच वा भ्रमणध्वनी पाहत बसून सकाळी 'अंग मोडून आल्यासारखे वाटते' असे सांगणारा रुग्ण हा निद्रावेगधारणाचा रुग्ण होय. त्याला केवळ वेदनास्थापन औषध देऊन भागत नाही.

संप्राप्ती : दुष्टचक्र कसे फिरते

जागरण रूक्ष आहे. रूक्षतेने वात वाढतो व तो आपल्या स्थानी, कटीप्रदेशी, अस्थि-संधि-स्नायूंच्या आश्रयाने शूल व स्तंभ निर्माण करतो. शूलामुळे रुग्ण रात्री कूस बदलत राहतो, झोप तुटते, पुन्हा जागरण घडते. एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाच्या कारणांत कार्य, काल, विकार, प्रकृती व वायू अशी गणना आहे. या चक्रात विकार आणि वायू दोन्ही एकत्र येतात. हेतू व्याधी उत्पन्न करतो आणि व्याधी पुन्हा तोच हेतू उत्पन्न करते.

रात्रीचा अंत्य भाग हा स्वभावतःच वाताचा काळ होय. पहाटे वेदनेने जाग येणे व उठल्यावर काही काळ कंबर आखडलेली असणे यांचा अर्थ या दृष्टीने लावता येतो.

आधुनिक संशोधनही अशाच निष्कर्षाकडे आले आहे. झोप व वेदना यांचा संबंध दोन्ही दिशांनी आहे. मात्र रात्रीची बिघडलेली झोप ही दुसऱ्या दिवसाच्या वेदनेचे जितके विश्वसनीय भाकीत करते, तितके दिवसाची वेदना रात्रीच्या झोपेचे करीत नाही, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या समालोचनात दाखविले आहे. निरोगी तरुणांना एक रात्र जागे ठेवले असता त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा खाली येते आणि मेंदूतील वेदनेची जाणीव करून देणाऱ्या भागाची प्रतिक्रिया वाढते, हे 2019 सालच्या अभ्यासात आढळले. चिकित्सकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वेदना कमी झाली की झोप आपोआप येईल म्हणून थांबू नये. झोपेकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे.

मणक्यांमधील चकतीचाही विचार करावा. दिवसभर उभे राहणे, बसणे, ओझे वाहणे यांच्या भाराने चकतीतील जलांश बाहेर पडतो. रात्री आडवे झाल्यावर भार उतरतो व चकती पुन्हा जलांश शोषून फुगते. त्यामुळे सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्का अधिक असते. 1985 सालच्या मोजमापांत ही घट सरासरी 19 मिलिमीटर आढळली आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक घट उठल्यानंतरच्या पहिल्याच तासात झाली. रात्रीची विश्रांती ही पृष्ठवंशाला पोषणाचा काळ होय, तसाच सकाळचा पहिला तास हा त्याच्या दृष्टीने नाजूक काळ होय. जलांशाने भरलेली चकती वाकताना अधिक ताण सोसते. या मुद्द्याचा उपयोग पुढे पथ्यात करावयाचा आहे.

एका रुग्णेचा वृत्तांत

वय 42 वर्षे, पोळी-भाजीचे केंद्र चालविणाऱ्या एक भगिनी दोन वर्षांच्या कटिशूलाने त्रस्त होऊन आमच्याकडे आल्या. वेदना उजव्या नितंबापर्यंत जात असे. पायास बधिरता नव्हती, बल उत्तम होते. वातप्रधान प्रकृती, मलावष्टंभ, रूक्ष त्वचा. आम्ही योगराज गुग्गुळ, दशमूलाचा काढा व कटिबस्तीचे सात-सात दिवसांचे दोन क्रम दिले. प्रत्येक क्रमानंतर चार दिवस बरे वाटे व पुन्हा जैसे थे. सात आठवडे असे गेले. रुग्णपत्रिकेत निद्रेपुढे 'अल्प' एवढाच शब्द होता व तो आमच्याच हस्ताक्षरात होता.

आठव्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, औषधानं दुखणं थांबतं, पण रात्र मला परत दुखणं देते. रात्रीचं तुम्ही कधी विचारलंच नाही." त्या दिवशी आम्ही प्रथमच सविस्तर विचारले. रात्री साडेअकराला अंथरुणास पाठ, तासभर तळमळ, चारला उठणे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी 'कडक जागी झोपा' असे सांगितल्याने फरशीवर एक सतरंजी टाकून झोपणे. उठल्यावर पंधरा मिनिटांच्या आत वाकून पाण्याचे हंडे भरणे व त्यानंतर परातीत कणीक तिंबणे. दुपारी तीन ते साडेचार काम नसे, पण 'दिवसा झोपू नये' म्हणून त्या बसून राहत. रात्री साडेनऊला दिवसाचा पाचवा चहा होई.

वातव्याधीच्या हेतूंतील अतिजागरण व दुःखशय्या हे दोन्ही हेतू येथे रोज घडत होते. निदानपरिवर्जन म्हणजेच चिकित्सेचा पहिला नियम. तो न पाळता आम्ही सात आठवडे शमन करीत होतो.

पुढील योजना अशी केली : सतरंजीऐवजी पिंजून घेतलेल्या कापसाची मध्यम कठीण गादी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी, हंडे भरण्याचे काम मुलाकडे, कणीक ओट्यावर उभ्याने तिंबणे, सायंकाळी पाचनंतर चहा बंद, रात्री साडेदहाला दिवे बंद, रोज पादाभ्यंग आणि एक दिवसाआड मात्राबस्ती. दुपारी अर्धा-पाऊण तास आडवे होण्यास अनुमती दिली. तोंडावाटे दिलेल्या औषधांत बदल केला नाही. तिसऱ्या आठवड्यात पहाटेच्या वेदनेने जाग येणे कमी झाले, सहाव्या आठवड्यात सकाळचा स्तंभ दहा मिनिटांवर आला. वेदना संपूर्ण गेली असे आम्ही म्हणणार नाही. लग्नसराईत काम वाढले की त्यांना आजही त्रास होतो. मात्र वेदनाशामक गोळी त्या आता क्वचित घेतात आणि केंद्र बंद करण्याचा विचार त्यांनी सोडला.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. तथापि कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला होता, हे एका रुग्णावरूनही कळू शकते.

रुग्णपरीक्षण : निद्रेविषयी विचारावयाचे प्रश्न

कटिशूलाच्या प्रत्येक रुग्णास पुढील प्रश्न विचारावेत. त्यास पाच मिनिटे लागतात.

1. अंथरुणास पाठ किती वाजता लागते, झोप किती वेळाने लागते, उठण्याची वेळ कोणती?

2. रात्री जाग किती वेळा येते व कशाने? वेदनेने, मूत्रवेगाने, चिंतेने, की घरातील कारणाने?

3. वेदनेने जाग आल्यास कूस बदलल्यावर किंवा चार पावले चालल्यावर ती कमी होते काय?

4. झोपण्याची जागा कोणती? फरशी, बाज, पलंग? गादी कशाची व किती वर्षांची? मध्ये खोलगट झाली आहे काय?

5. कोणत्या कुशीवर, उताणे की पालथे झोपण्याची सवय आहे?

6. सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडते आणि पहिल्या तासात कोणती कामे होतात?

7. दिवसा झोप होते काय? किती व जेवणानंतर किती वेळाने?

8. चहा, तंबाखू, मद्य यांचे प्रमाण व वेळ कोणती? झोपेच्या वा वेदनेच्या गोळ्या चालू आहेत काय?

उत्तरांत विसंगती वाटल्यास रुग्णास दोन आठवडे झोपेची नोंद ठेवण्यास सांगावे. शाळेच्या वहीत चार रकाने पुरतात : झोपण्याची वेळ, जागांची संख्या, उठण्याची वेळ, सकाळच्या वेदनेचे शून्य ते दहा या मापाने गुण. अनेकदा ही वही पाहूनच रुग्णाला स्वतःच्या दुखण्याचा क्रम उमगतो.

सावधानता : रात्रीची प्रत्येक वेदना वाताची समजू नये

या विषयाची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. 28 वर्षांचा एक तरुण कटिशूल व निद्रानाश घेऊन आमच्याकडे आला होता. कूस बदलूनही वेदना कमी होत नसे. रात्री ती अधिक होई. आम्ही जागरणजन्य वातप्रकोप समजून तीन आठवडे अभ्यंग, बस्ती व निद्राजनन योजना केली. झोप थोडी सुधारल्यासारखी वाटली, म्हणून समाधान मानले. चौथ्या आठवड्यात वजन केले तेव्हा ते चार किलोने घटले होते. संध्याकाळी अंग कोमट होते, हेही त्याने विचारल्यावर सांगितले. त्यास तत्काळ शासकीय रुग्णालयात पाठविले. तपासणीत मणक्याचा क्षयरोग निघाला. क्षयाची औषधे सुरू झाली व तो सुदैवाने पांगळेपणापासून वाचला. पहिल्या भेटीतच वजन व ज्वर पाहिला असता तर ते तीन आठवडे वाचले असते. तो दोष आमचा होता.

म्हणून पुढील लक्षणांपैकी काहीही आढळल्यास निद्रेची चिकित्सा हाच एक मार्ग धरू नये, रुग्णास त्वरित योग्य तपासणीसाठी पाठवावे :

विश्रांतीने व कूस बदलूनही न थांबणारी रात्रीची वेदना; ज्वर, रात्री घाम, अकारण वजन घटणे; पूर्वी कर्करोग वा क्षय झाल्याचा इतिहास; पडल्याचा किंवा अपघाताचा इतिहास, विशेषतः वृद्धांत; दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणे; पायाचे बल वाढत्या क्रमाने कमी होणे. मूत्र अडणे, मल-मूत्रावरील ताबा जाणे किंवा गुदाभोवतीची व मांड्यांच्या आतील बाजूची संवेदना जाणे ही तर तातडीची अवस्था होय. अशा रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचविले पाहिजे.

तरुण वयात सुरू झालेला, रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणणारा, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक स्तंभ असणारा, विश्रांतीने वाढणारा व हालचालीने कमी होणारा शूल हा पृष्ठवंशाच्या शोथयुक्त संधिविकाराचा असू शकतो. त्याचीही वेळीच तपासणी व्हावी.

शय्या-विचार

'पाठ दुखते ना, मग फळीवर झोप' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. 2003 साली स्पेनमध्ये दीर्घकालीन कटिशूलाच्या 313 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कठीण व मध्यम कठीण अशा दोन गाद्यांची तुलना करण्यात आली. 90 दिवसांनी मध्यम कठीण गादीवरील रुग्णांची अंथरुणातील वेदना, उठतानाची वेदना व कार्यक्षमता या तिन्ही बाबी अधिक सुधारलेल्या आढळल्या. दुःखशय्या म्हणजे केवळ मऊ शय्या असा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. खोलगट झालेली बाज ही जशी दुःखशय्या, तशीच सतरंजी टाकलेली फरशीही दुःखशय्याच.

महागड्या गाद्यांच्या जाहिरातींनी रुग्णास खर्चात पाडण्याचे कारण नाही. पिंजाऱ्याकडून पिंजून भरलेली कापसाची गादी, सपाट फळ्यांच्या पलंगावर, पुष्कळांना पुरते. जुनी गादी गुठळ्या होऊन दबली असल्यास पुन्हा पिंजून घ्यावी. जमिनीवर झोपण्याची सवय असून ज्यांना त्याने त्रास नाही, त्यांना पलंगाचा आग्रह करू नये. मात्र वृद्धांना व तीव्र वेदनेच्या रुग्णांना जमिनीवरून उठणे हेच कष्टाचे असते, त्यांच्यासाठी गुडघ्याच्या उंचीची शय्या बरी.

कुशीवर झोपणाऱ्याने दोन गुडघ्यांत उशी घ्यावी, उताणे झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली उशी वा घडी केलेली घोंगडी घ्यावी. पालथे झोपल्याने कमरेची पन्हळ वाढते, म्हणून ती सवय हळूहळू सोडवावी. उठताना उताण्याचे एकदम उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत व हातांच्या आधाराने बसावे.

तीव्र शूलात काही दिवस अंथरुणास खिळून राहावे हा समजही सोडला पाहिजे. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या 203 रुग्णांच्या अभ्यासात सात दिवसांच्या शय्याविश्रांतीने दोन दिवसांच्या विश्रांतीपेक्षा अधिक लाभ झाला नाही, उलट कामाचे दिवस अधिक बुडाले. झोप हवी ती रात्री, दिवसा यथाशक्ती हालचाल हवी.

चिकित्सासूत्र

निदानपरिवर्जनानंतर ज्या उपायांनी कटिशूल व निद्रानाश या दोहोंना एकत्रित लाभ होतो, त्यांस अग्रक्रम द्यावा.

पादाभ्यंग : हा सर्वांत सोपा व स्वल्प खर्चाचा उपाय. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाने गृध्रसी होत नाही असे सांगितले, तर सुश्रुताचार्यांनी त्यास निद्राकर म्हटले. एकच उपक्रम दोन्ही बाजूंनी उपयुक्त असल्याचे हे उत्तम उदाहरण होय. झोपण्यापूर्वी कोमट तिळतेलाने प्रत्येक तळव्यास पाच ते दहा मिनिटे, घरी असल्यास काशाच्या वाटीने, अभ्यंग करावा. नंतर तळवे पुसूनच रुग्णास उठू द्यावे, अन्यथा घसरून पडण्याचा धोका असतो. मधुमेहात संवेदना कमी असल्यास तेलाची उष्णता दुसऱ्याने तपासावी.

सर्वांग वा स्थानिक अभ्यंग व मृदु स्वेद : सायंकाळी, अजीर्ण, आम व नवज्वर नसताना. तंद्रा, गौरव, अरोचक ही लक्षणे असलेल्या वातकफज गृध्रसीत प्रथम पाचन व रूक्ष स्वेदाचा विचार करावा, सरसकट तेल लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकालीन कटिशूलासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम व मानसोपचाराबरोबर मर्दनासारख्या शारीरिक उपचारांनाही स्थान आहे. कमरेचे पट्टे व कर्षण यांची नित्य योजना करू नये, असेही त्यांत म्हटले आहे.

मात्राबस्ती : पक्वाशय हे वाताचे विशेष स्थान व बस्ती ही त्याची प्रधान चिकित्सा. भार, अध्वगमन, कर्म यांनी थकलेल्यांसाठी मात्राबस्ती सुखावह असून तिला कठोर परिहार नाही. मलावष्टंभ दूर झाला की झोपेतही फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे.

आहार व औषध : रात्रीचे जेवण झोपेपूर्वी दोन-तीन तास व्हावे. महिषीदुग्ध निद्राजनन द्रव्यांत श्रेष्ठ सांगितले आहे, परंतु ते गुरू असल्याने दीप्ताग्नी व कृश रुग्णासच योजावे, स्थूल व मंदाग्नी रुग्णास नव्हे. अश्वगंधा, जटामांसी, तगर यांची योजना प्रकृती व अग्नी पाहून करावी. अश्वगंधा घेणाऱ्यांत क्वचित यकृतविकाराच्या नोंदी अलीकडच्या काळात झाल्या आहेत. यकृताचे विकार व गर्भिणी अवस्था यांत ती टाळावी. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो व मनःखिन्नता येऊ शकते, म्हणून केवळ झोपेसाठी ती देऊ नये. रुग्ण झोपेच्या गोळ्या पूर्वीपासून घेत असल्यास त्या एकदम बंद करण्यास सांगू नये. ज्यांनी त्या दिल्या त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

मनाचा विचार : मन व इंद्रिये थकून विषयांपासून निवृत्त होतात तेव्हा झोप येते, ही शास्त्राची धारणा. अंथरुणात पडून हिशेब करणारे मन निवृत्त कसे होणार? अंथरूण केवळ झोपेसाठी वापरणे, वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठून शांत बसणे व झोप आल्यावरच परतणे, उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, या वर्तनपर उपायांना दीर्घकालीन निद्रानाशात औषधापूर्वी स्थान द्यावे, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली केली. हे नियम आपल्या सद्वृत्ताशी विसंगत नाहीत.

दिवास्वाप : निषेध व अपवाद

दिवास्वाप निषिद्ध, एवढेच आपण रुग्णास सांगतो. परंतु एकविसाव्या अध्यायात ग्रीष्म ऋतूखेरीज ज्यांना दिवास्वापाची अनुमती दिली आहे त्यांत वृद्ध, बालक, कृश, भाराने व मार्गक्रमणाने थकलेले यांच्या बरोबर शूलार्तही आहेत. उलट मेदस्वी, कफप्रकृती, कफरोगी व नित्य स्नेहसेवन करणारे यांना निषेध आहे. यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. रात्री वेदनेने जागलेल्या कृश, श्रमजीवी रुग्णास दिवसा थोडी झोप घेऊ द्यावी. अष्टांगहृदयात रात्रीच्या जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी भोजनापूर्वी झोपावे असे सांगितले आहे. रात्रपाळीच्या कामगारांना व एस. टी. च्या चालकांना ही सूचना विशेष उपयोगी पडते. मात्र स्नेहपान चालू असलेल्या किंवा स्थूल रुग्णाने भरल्या पोटी दुपारी दोन तास झोपणे म्हणजे कफाने वाताचा मार्ग अडविणे होय. दुपारच्या दीर्घ झोपेने रात्रीची झोप उडत असेल, तर तीही आखडती घ्यावी.

सकाळच्या पहिल्या तासाचे पथ्य

1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकालीन कटिशूलाच्या रुग्णांना सकाळी लवकर कमरेतून वाकणे टाळण्यास शिकविले असता वेदनेचे दिवस व तीव्रता कमी झाल्याचे दिसले. आपल्याकडे पाण्याचे हंडे भरणे, केर काढणे, अंगण सारवणे, धारा काढणे ही सर्व वाकण्याची कामे पहाटेच होतात. ती पूर्णपणे टाळणे कित्येक घरांत अशक्य असते. मात्र त्यांचा क्रम बदलता येतो. उठल्यावर आधी मुखमार्जन, थोडे चालणे, स्वयंपाकाची उभ्याने होणारी कामे, आणि नंतर वाकण्याची कामे. लांब दांड्याचा झाडू, पूर्ण हंड्याऐवजी अर्धी बादली, आणि घरातील दुसऱ्या माणसाचा हात. सूर्यनमस्कार व पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने करणाऱ्यांनी तीही उठल्यावर तासाभराने करावीत.

हे पथ्य सांगताना रुग्णेबरोबर घरातील माणसांनाही बोलवावे. पहाटेचा हंडा कोणी उचलावयाचा हे ठरविण्याचा अधिकार पुष्कळदा रुग्णेच्या हाती नसतो. वैद्याने दोन शब्द सांगितल्यास तो हंडा दुसऱ्या खांद्यावर जाऊ शकतो.

उपसंहार

चांगली झोप हे कटिशूलावरील एकमेव औषध आहे, असे प्रतिपादन करण्याचा आमचा हेतू नाही. व्यायाम, व्यवसायातील बदल, बस्ती, शमनौषधी व आवश्यक तेथे शस्त्रक्रिया या सर्वांना आपापले स्थान आहे. परंतु ज्या रुग्णाची रात्र रोज वात वाढविते, त्याची दिवसाची चिकित्सा गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखी होते. आमच्या रुग्णपत्रिकेत आता निद्रेचा रकाना अर्ध्या पानाचा केला असून, त्याच पानावर वजन व तापमान यांच्या जागा छापून घेतल्या आहेत. पहिली सुधारणा त्या पोळी-भाजी केंद्रवाल्या भगिनीमुळे झाली, दुसरी त्या तरुणामुळे. वाचक वैद्यांनी येत्या तिमाहीत आपल्याकडे येणाऱ्या कटिशूलाच्या प्रत्येक रुग्णास वरील आठ प्रश्न विचारून पाहावेत व आलेले अनुभव, अपयशासह, या पत्रिकेकडे अवश्य कळवावेत.